साल्सू, इ.स. 612 : उल्जी मुन्दॉक आणि तंबूखाली पुरलेले धान्य

ल्याओ नदी ओलांडून गोगुर्यो या कोरियन राज्यात खोलवर शिरलेल्या, चीनच्या सुई घराण्यातील सम्राटाच्या नऊ सैन्यांत मिळून 3,05,000 माणसे होती, आणि इ.स. 612 मध्ये ल्याओतुंगच्या किल्ल्यापाशी परत पोचली ती 2,700, अशी नोंद चिनी इतिहासग्रंथांत आहे. म्हणजे शंभरातला एकही धड नाही. गोगुर्योच्या ज्या सेनापतीमुळे हे घडले त्याचे नाव उल्जी मुन्दॉक. त्याचे घराणे कोणते, जन्म कधी झाला, मृत्यू कुठे झाला, यातले काहीही इतिहासाने जपलेले नाही. 1145 मध्ये पूर्ण झालेल्या ‘सामगुक सागी’ या कोरियाच्या जुन्या इतिहासात त्याचे छोटेसे चरित्र आहे. तो शांत, धाडसी, डावपेचांत तरबेज आणि अक्षरांचाही जाणकार होता, एवढेच त्यात स्वभावाविषयी सांगितले आहे.

विजयाचे श्रेय त्याला दिले जाते आणि ते योग्यच आहे. मात्र ते कशासाठी द्यायचे, याबाबत लोकांच्या तोंडी असलेली कथा आणि जुन्या नोंदी यांचे जुळत नाही. कथा सांगते की, साल्सू नदीचे पाणी त्याने वरच्या अंगाला बांध घालून अडवले, शत्रू पात्राच्या मध्यावर आल्यावर बांध फोडला आणि लाखोंची फौज बुडवली. नोंदींत सांगितलेली हकीकत याहून बरीच संथ आहे आणि माझ्या मते कितीतरी अधिक विलक्षण आहे. या अभ्यासापुढचा प्रश्न म्हणूनच एवढा आहे की, हे सैन्य नेमके कुठे आणि केव्हा हरले, आणि त्या हरण्यात मुन्दॉकचा हात कोणत्या जागी दिसतो.

युद्धाआधीचे युद्ध

त्या काळी गोगुर्योची सत्ता आजच्या उत्तर कोरियापासून मांचुरियातील, म्हणजे आजच्या ईशान्य चीनमधील, ल्याओ नदीपर्यंत पसरली होती. 427 पासून राजधानी प्योंगयांगला होती आणि गादीवर राजा यॉंगयांग होता. 589 मध्ये सुई घराण्याने दुभंगलेला चीन एका छत्राखाली आणला, तेव्हापासून ईशान्येचे हे बळकट राज्य त्यांच्या डोळ्यांत सलू लागले. 598 मध्ये गोगुर्योने ल्याओच्या पश्चिमेला चढाई केली, त्यावर पहिला सुई सम्राट वेन याने 3,00,000 फौज धाडली. पूर, रोगराई आणि धान्याची टंचाई यांनी ती वाटेतच खिळखिळी झाली आणि समुद्रमार्गे निघालेली जहाजे वादळात सापडली. पुढे वेनचा मुलगा सम्राट यांग 607 मध्ये उत्तरेच्या गवताळ प्रदेशातल्या तुर्कांच्या खानाच्या तंबूत पाहुणा म्हणून गेला असता तिथे गोगुर्योचा वकील आधीच येऊन बसलेला आढळला. तुर्क आणि गोगुर्यो एक झाले तर उत्तरेची सारी सीमा धोक्यात येणार, हे सम्राटाला समजावून सांगण्याची फारशी गरज उरली नाही.

यानंतरच्या तयारीकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण 612 च्या पराभवाचे बीज तिथेच आहे. 608 मध्ये खोदलेल्या यॉंगजी कालव्यामुळे दक्षिणेचे धान्य आजच्या बीजिंगजवळच्या झुओजुनपर्यंत नावांनी येऊ लागले होते. तिथपर्यंत व्यवस्था उत्तम होती. कालवा संपला की मात्र पुढे जमीन होती, आणि ल्याओच्या अलीकडची लूहे व ह्वाययुआन ही धान्याची ठाणी गाठण्यासाठी माणसांचे खांदे आणि हात हेच वाहन होते. सहा लाखांहून अधिक गाडीवाले वेठीला धरले गेले. दोन माणसांनी मिळून एक हातगाडी ढकलायची आणि तिच्यात तीन शी (शी हे जुने चिनी माप) धान्य, अशी ती रीत होती. रस्ता इतका लांब आणि इतका बिकट होता की वाटेत पोट भरण्यासाठी गाडीतलेच धान्य खावे लागे, आणि ठाण्यावर पोचेपर्यंत जमा करायला काही शिल्लक राहत नसे. जमा केले नाही तर शिक्षा ठरलेली, म्हणून गाडीवाले पळून जात आणि दरोडेखोरांना मिळत. शानतुंगच्या किनाऱ्यावर दोंगलाय येथे 300 जहाजे बांधण्याचे काम चालू होते; तिथल्या मजुरांना रात्रंदिवस पाण्यात उभे केल्यामुळे कमरेखाली किडे पडले आणि दहांतले तीन-चार मेले, असे चिनी ग्रंथच नोंदवतात. गोगुर्योच्या हद्दीत एकही बाण सुटण्यापूर्वी शानतुंगमध्ये बंडाळी सुरू झाली होती, आणि ल्याओतुंगला जाऊन फुकट मरू नका असे सांगणारे गाणे तिथे गायले जात होते.

612 च्या पहिल्या महिन्यात निघालेल्या फौजेचा आकडा 11,33,800 असा दिला जातो, आणि रसद वाहणारी माणसे याच्या दुप्पट. रोज एक सैन्य कूच करी, दोन सैन्यांत 40 ली (एक ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर) अंतर राखले जाई, आणि सगळी सैन्ये निघायला 40 दिवस लागले. रांगेची लांबी 960 ली भरली. हे आकडे अक्षरशः खरे मानण्याची सक्ती कुणावर नाही. पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. ही फौज शत्रूला धडकी भरवण्यासाठी मांडलेली होती, आणि तिने लवकर जिंकले तरच ती जगणार होती.

गोगुर्योला हे ठाऊक होते, कारण त्यांचा हा धडा जुना होता. 172 मध्ये हान राजवटीची फौज चालून आली तेव्हा म्यॉंगनिम दाप्बू या मंत्र्याने राजाला सांगितले होते की, हजार ली अंतरावरून धान्य वाहून आणणारी मोठी सेना फार दिवस टिकू शकत नाही. आपण खंदक खोल करावेत, तट उंच करावेत, शेते मोकळी करून ठेवावीत आणि वाट पाहावी, उपाशी झाली की ती आपण होऊन फिरेल आणि तेव्हा तिचा पाठलाग करावा. तसेच घडले. मुन्दॉकच्या डोक्यात साडेचार शतकांपूर्वीचा हा सल्ला होता की नव्हता, हे ठरवता येत नाही, पण 612 मध्ये जे झाले ते जणू त्याच सल्ल्याच्या बरहुकूम झाले.

वरून आलेले हुकूम

ल्याओ नदीवरचा पूल पलीकडच्या काठाला एक-दीड पुरुष कमी पडला आणि उड्या टाकून काठ गाठू पाहणारे सैनिक तिथेच कापले गेले, इथपासून मोहिमेला अपशकुन झाला. दोन दिवसांत पूल पुरा झाला, फौज पार झाली आणि ल्याओतुंगच्या किल्ल्याला, म्हणजे आजच्या ल्याओयांगला, वेढा पडला. इथे सम्राटाच्या दोन हुकुमांनी सेनापतींचे हात बांधले. पहिला हुकूम असा की, पुढे जाणे असो वा थांबणे असो, प्रत्येक हालचाल आधी कळवावी आणि उत्तर आल्याशिवाय काही करू नये. दुसरा असा की, गोगुर्योचे लोक शरण येत असतील तर त्यांना अभय द्यावे आणि हल्ला थांबवावा. किल्ल्यातल्या लोकांना याचा सुगावा लागायला वेळ लागला नाही. तट पडायच्या बेतात आला की ते शरणागतीची भाषा बोलत. सेनापती सम्राटाकडे स्वार धाडत. उत्तर येईपर्यंत तटाची डागडुजी होई आणि लढाई पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. असे दोन-तीनदा झाले, तरी हुकूम बदलला नाही.

सावध करणारे कुणी नव्हते असे मात्र नाही. युद्धखात्याचा मंत्री दुआन वेनझेन वाटेतच आजारी पडून वारला; मरण्यापूर्वी त्याने सम्राटाला लिहिले की, हे लोक तोंडाने शरणागतीची बोलणी करतील, त्यावर लगेच विश्वास ठेवू नये; पाऊस तोंडावर आहे, रेंगाळू नये; जमिनीवरून आणि पाण्यावरून वेगाने जाऊन प्योंगयांग गाठावे, उशीर झाला तर अन्न संपेल आणि समोर बलाढ्य शत्रू राहील. पुढच्या चार महिन्यांत काय काय चुकणार होते, त्याची ही जवळजवळ पुरी यादी होती.

ल्याओतुंग पडत नाही असे पाहून सहाव्या महिन्यात सम्राट स्वतः तटापाशी आला आणि सेनापतींना खडसावून गेला. किल्ले मागे ठेवून नऊ सैन्यांनी थेट प्योंगयांगवर जावे आणि लाय हूअरच्या आरमाराने समुद्रातून देदोंग नदीत शिरून राजधानीकडे सरकावे, अशी योजना होती. यांतले आरमार लवकर पोचले. राजधानीपासून 60 ली अंतरावर पहिली लढाई जिंकून लाय हूअर चेकाळला, जमिनीवरच्या सैन्यांची वाट पाहावी हा आपल्या दुय्यम सेनापतीचा सल्ला त्याने बाजूला सारला आणि निवडक 40,000 माणसे घेऊन शहराच्या बाहेरच्या तटात घुसला. तिथे एका रिकाम्या मंदिराच्या आवारात गोगुर्योचे सैनिक दबा धरून बसले होते. लूट करण्यात पांगलेल्या त्या 40,000 पैकी काही हजारच जहाजांपर्यंत परतले, आणि त्यानंतर आरमार किनाऱ्यावर थांबून राहिले ते राहिलेच. नऊ सैन्यांना पुढे आरमाराचा आधार मिळणार नव्हता.

शंभर दिवसांचे ओझे

आता या प्रकरणाचा गाभा. नऊ सैन्ये यालू नदीच्या (आज चीन आणि उत्तर कोरिया यांच्या सीमेवरची नदी) पश्चिम काठावर जमण्यासाठी निघाली तेव्हा प्रत्येक माणसाला आणि घोड्याला 100 दिवसांचे धान्य वाटून देण्यात आले. त्याखेरीज चिलखत, भाला, कपडे, हत्यारे, तंबूचे सामान. एका माणसाच्या वाट्याला तीन शीहून अधिक वजन आले आणि ते कुणालाच पेलेना. आपल्या हिशेबाने पाहू. माणशी दिवसाला एक किलो धान्य धरले, तरी 100 दिवसांचे 100 किलो होते. आज धान्य बाजारात पोती उचलणारा धट्टाकट्टा हमालसुद्धा एवढे वजन पाठीवर घेऊन काही पावले चालतो आणि टेकवतो. इथे ते घेऊन, वर लोखंड अंगावर चढवून, डोंगराळ मुलखातून शेकडो किलोमीटर जायचे होते. हुकूम असा की, जो धान्य टाकील त्याची मान मारली जाईल.

सैनिकांनी धान्य टाकले नाही. त्यांनी तंबूच्या आत, पायाखालच्या जमिनीत खड्डे खणले आणि ते पुरून टाकले.

मला या नोंदीपाशी दर वेळी थांबावेसे वाटते. रात्री तंबूचे पडदे ओढून चार-पाच माणसे भाल्याच्या टोकांनी माती उकरत आहेत, दुसऱ्या दिवशीच्या चालीपुरते वेगळे काढून उरलेले खड्ड्यात ओतत आहेत आणि वरून माती दाबून त्यावरच अंथरूण घालत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे कळते की, या सैन्याचा पराभव कुठल्या नदीकाठी झालेला नाही. तो तंबू-तंबूतून, गुपचूप, हजारो हातांनी झाला. त्या माणसांना दोष देणेही अवघड आहे. न पेलणारे ओझे देणारा आणि ते टाकण्याला देहदंड लावणारा हुकूम त्यांना दोनच वाटा ठेवत होता, आज वाटेत कोसळून मरावे किंवा महिन्याभराने उपासमारीने. शिवाय शिक्षेच्या धाकामुळे ही गोष्ट वरपर्यंत पोचली नाही. सेनापतींच्या कागदांवर 100 दिवसांचे धान्य होते आणि अर्धी वाट होण्याआधी ते संपत आले होते.

छावणीत आलेला माणूस

याच सुमारास उल्जी मुन्दॉक शरणागतीची बोलणी करायला म्हणून सुईच्या छावणीत आला. ‘सामगुक सागी’ स्पष्ट सांगते की, खरे तर त्याला त्यांचे बळाबळ पाहायचे होते. राज्याच्या सरसेनापतीने टेहळणीला स्वतः जावे, ही गोष्ट सामान्य नव्हे. हेर माणसे मोजून सांगू शकतो, तंबू मोजू शकतो. पण सैनिकाचे गाल बसले आहेत, घोड्याच्या फासळ्या दिसत आहेत, जेवणाच्या वेळेला चुली मोजक्याच पेटत आहेत, सामानाच्या ढिगांत पोती कमी आणि चिलखते जास्त आहेत, यांचा एकत्र अर्थ लावायला ज्याला पुढचा निर्णय घ्यायचा आहे त्याचेच डोळे लागतात. मुन्दॉकने तिथे नेमके काय पाहिले ते कुणी लिहून ठेवलेले नाही, पण परतल्यावर त्याने जे केले त्यावरून एवढे नक्की की, हे सैन्य भुकेले आहे आणि त्याला आणखी पुढे आणले पाहिजे, हा निष्कर्ष त्याने तिथूनच बांधून आणला.

जिवावरचे धाडस होते ते. नऊ सैन्यांपैकी एकाचा सेनापती यू झोंगवेन याच्याकडे सम्राटाचा गुप्त हुकूम होता की, गोगुर्योचा राजा किंवा मुन्दॉक यांच्यापैकी कुणी आले तर त्याला पकडलेच पाहिजे. यू त्याला पकडणारही होता. पण मुलखातील लोकांची समजूत घालण्यासाठी नेमलेला सम्राटाचा अधिकारी लिऊ शिलोंग याने ठामपणे विरोध केला आणि मुन्दॉक सुटला. मला वाटते, लिऊ मूर्ख नव्हता. शरण येणाऱ्याला अभय, हा सम्राटाचा जाहीर हुकूम होता आणि लिऊची नेमणूक त्याच हुकुमाच्या अंमलबजावणीसाठी होती. शरणागतीची बोलणी करायला आलेल्या माणसाला बेड्या घातल्या तर पुढे कोण शरण येणार, असे त्याचे म्हणणे असावे. एकाच दरबारातून निघालेला जाहीर हुकूम आणि गुप्त हुकूम एका तंबूत समोरासमोर आले, आणि दोघांच्या मधल्या फटीतून मुन्दॉक बाहेर पडला. ल्याओतुंगच्या तटावर जो डाव दोन-तीनदा यशस्वी झाला होता तोच त्याने स्वतःचा जीव पणाला लावून पुन्हा खेळला.

तो गेल्यावर यूला चुटपुट लागली. आणखी काही बोलायचे आहे, परत या, असा निरोप घेऊन माणूस धावला. मुन्दॉकने मागे वळून पाहिले नाही आणि यालू पार केली.

एका दिवसात सात विजय

आता छावणीत भांडण पेटले. ज्येष्ठ सेनापती यूवेन शू याचे म्हणणे होते की, धान्य संपले आहे, परत फिरावे. यू झोंगवेनचे म्हणणे होते की, निवडक सैन्याने पाठलाग केला तर मुन्दॉक हाती लागेल. शूने अडवल्यावर यू भडकला आणि म्हणाला की, एवढी मोठी फौज हाताशी असून मूठभर शत्रू मोडता येत नसेल तर कोणत्या तोंडाने सम्राटापुढे उभे राहणार? या मोहिमेत यश येणार नाही हे मला आधीच ठाऊक होते, असेही तो बोलून गेला. पूर्वीच्या थोर सेनापतींना यश आले ते निर्णय एका माणसाच्या हाती असल्यामुळे, इथे तर प्रत्येकाचे मन वेगळे आहे, मग शत्रूवर चालून जायचे कसे? निदान अगदी बिनचूक होते. दुर्दैव असे की, ज्याने रोग ओळखला त्याचाच उपाय जीवघेणा होता, आणि सम्राटाने इतर सेनापतींना यूच्या सल्ल्याने चालायला सांगितले असल्यामुळे शूला नमते घ्यावे लागले.

यू झोंगवेन हा हुलकावणीत न सापडणारा माणूस नव्हता का, असा प्रश्न इथे पडतो, कारण याच मोहिमेत ऊगू किल्ल्याजवळून जाताना त्याने काही हजार मरतुकडे घोडे आणि गाढवे सैन्याच्या पिछाडीला ठेवली होती. सामान लुटायला गोगुर्योचे लोक बाहेर पडताच तो उलटला आणि त्यांना झोडपून काढले. आमिष दाखवण्याची विद्या त्याला चांगली येत होती. तरीही आमिष जेव्हा विजयाच्या रूपात समोर आले तेव्हा त्याला ते ओळखता आले नाही.

कारण मुन्दॉकने त्याला विजयच देऊ केले. तो लढे आणि मागे हटे, पुन्हा लढे आणि पुन्हा हटे. एका दिवसात सात वेळा सुईचे सैन्य जिंकले. मराठी वाचकाच्या ओठांवर इथे गनिमी कावा हा शब्द सहज येईल, पण गनिमी काव्यात शत्रूला टोचून, लुटून, हैराण करून परतवायचे असते. इथे त्याला परतू द्यायचे नव्हते. प्रत्येक विजयाबरोबर सुईची फौज आपल्या धान्याच्या ठाण्यांपासून आणखी दूर जात होती, आणि प्रत्येक विजयामुळे परत फिरण्याचा विचार बोलून दाखवणे शूसारख्या माणसाला आणखी कठीण होत होते. जिंकत असलेल्या सैन्याने माघार घ्यावी असे सम्राटाला कोण कळवणार? मुन्दॉकने शत्रूच्या पोटाबरोबरच त्याच्या मनातली ही अडचणसुद्धा ओळखली होती, असे मला वाटते.

साल्सू, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजची छॉन्गछॉन नदी, ओलांडून सैन्य प्योंगयांगपासून 30 ली अंतरावर एका डोंगराच्या आधाराने उतरले. समोर भक्कम तट, मागे दोन नद्या, आरमाराचा पत्ता नाही आणि पोटात अन्न नाही. ‘सामगुक सागी’नुसार मुन्दॉकने यू झोंगवेनला कविता पाठवली ती इथे, ‘सुई शू’ या सुई घराण्याच्या चिनी इतिहासात ती यालूपलीकडच्या पाठलागाच्या वर्णनातच येते. पाच-पाच अक्षरांच्या चार ओळी, सारी मिळून वीस अक्षरे. तुमच्या दैवी युक्तीने आकाशाची रचना जाणली आहे, तुमच्या सूक्ष्म गणिताने भूमीचे सारे भेद उलगडले आहेत, लढाया जिंकून तुमची कीर्ती आधीच उंच झाली आहे, आता समाधान मानून थांबावे. कोरियन माणसाने रचलेल्या आणि आजवर टिकलेल्या चिनी कवितांमध्ये ही सर्वांत जुन्यांपैकी मानली जाते.

वरवर स्तुती आहे. पण शेवटच्या ओळीत समाधान जाणणे आणि थांबणे हे दोन शब्द शेजारी-शेजारी आले आहेत, आणि प्राचीन चिनी तत्त्वज्ञ लाओझी याच्या वचनांत ते असेच जोडीने येतात: ज्याला समाधान कळते त्याची अप्रतिष्ठा होत नाही, ज्याला थांबणे कळते त्याच्यावर संकट येत नाही. यू शिकलेला माणूस होता. न लिहिलेला उरलेला अर्धा भाग त्याच्या कानांत वाजला असणारच. थांबला नाहीस तर काय होईल, ते कवितेत कुठेच नाही आणि तरी तेच तिचे म्हणणे आहे. यूने उलट पत्र लिहून मुन्दॉकला शरण यायला सांगितले.

मग मुन्दॉकने आपला मोर्चा दुसऱ्या सेनापतीकडे वळवला. यूवेन शूला त्याने निरोप धाडला की, तुम्ही सैन्य मागे घ्या, मी आमच्या राजाला घेऊन सम्राटाच्या दर्शनाला येतो. यूला जे हवे होते ते मुन्दॉक देऊ शकत नव्हता. शूला जे हवे होते ते देणे त्याला सोपे होते. शूला परतायचेच होते, फक्त सम्राटापुढे सांगायला काहीतरी हवे होते. ते सबब म्हणून हाती आल्याबरोबर त्याने माघारीचा हुकूम दिला.

नदी

माघार पळापळीची नव्हती. चारही बाजूंना तोंड असलेल्या चौकोनी रचनेत सैन्य हटत होते आणि गोगुर्योच्या टोळ्या चहूबाजूंनी त्याचे लचके तोडत होत्या. अशी रचना सपाट मैदानावर तग धरते, पण नदी आली की ती मोडावीच लागते, कारण चौकोन पाण्यातून पार होत नाही. सातव्या महिन्यात सैन्य साल्सूच्या काठी पोचले. अर्धे पार झाले आणि अर्धे अलीकडे राहिले, तेव्हा मुन्दॉकने पिछाडीवर झडप घातली. चंदावल सांभाळणारा सेनापती शिन शिशिओंग मारला गेला. पलीकडे गेलेल्यांना परत येऊन मदत करता येईना, अलीकडच्यांना पुढे सरकता येईना, आणि सगळी सैन्ये एकदम फुटली. जे पळाले ते एका दिवसात आणि एका रात्रीत 450 ली अंतर कापून यालूवर पोचले, अशी नोंद आहे. दोन्ही नद्यांमधले सरळ अंतर आजच्या नकाशावर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणून 450 ली हा आकडा भीतीचे माप म्हणून वाचावा हे बरे. श्वे शिशिओंग हा सेनापती एका डोंगरापाशी वेढला गेला होता; 200 घोडेस्वारांनिशी त्याने वेढा फोडला. वेई वेनशंगचे सैन्य मात्र शाबूत परतले असे ग्रंथ सांगतात, आणि तेच ग्रंथ तीन लाखांतले 2,700 उरले असेही सांगतात. नवांपैकी एक सैन्य शाबूत असेल तर 2,700 हा आकडा त्याच्याशी कसा जुळवायचा? शिवाय ‘सुई शू’ तांग राजवटीत, 636 मध्ये तयार झाले, आणि सम्राट यांगला जितके वाईट दाखवावे तितके नव्या घराण्याच्या सोयीचे होते. संहार भयंकर झाला याबद्दल शंका नाही. शेवटच्या आकड्यावर पैज लावू नये.

आता बांधाची गोष्ट. ‘सामगुक सागी’त बांध नाही, चिनी ग्रंथांत नाही. अर्धे सैन्य पार झाले असता मागून हल्ला, एवढेच शब्द आहेत. छॉन्गछॉनसारखी मोठी नदी, माघार घेणारे सैन्य दोन-तीन दिवसांच्या अंतरावर असताना, गुपचूप अडवून धरणे व्यवहारात शक्य दिसत नाही. बैलांची कातडी दोरखंडात ओवून ओढा अडवल्याची आणि पाणी सोडल्याची जी नोंद कोरियाच्या इतिहासात खरोखर आहे ती 1018 ची, गोर्यो राजवटीचा सेनापती कांग गाम-छान याच्या नावावर आहे आणि हूंगह्वाजिन येथील आहे. चार शतकांनंतरचा हा पराक्रम लोकांच्या आठवणीत मुन्दॉकच्या नदीला येऊन मिळाला असावा. मला ही सरमिसळ मनापासून खटकते, आणि ती केवळ चूक आहे म्हणून नव्हे. बांधाच्या कथेत मुन्दॉकला एक क्षण साधायचा असतो. खऱ्या हकीकतीत त्याने शत्रूच्या छावणीत स्वतः जाऊन भूक पाहिली, सात पराभव आपल्या माणसांकडून सोसून घेतले, आणि एकमेकांवर चिडलेल्या दोन सेनापतींना दोन वेगवेगळी पत्रे लिहिली. सोंगाच्या का होईना, पण त्या सात पराभवांत मेलेली माणसे खरी होती, आणि पळायचे आहे हे ठाऊक असूनही रचना न मोडता मागे हटणारे सैन्य तयार करणे ही पाणी अडवण्यापेक्षा फार अवघड गोष्ट आहे.

नंतर

सम्राटाने शू आणि इतरांना साखळदंडांत बांधून परत नेले. एवढ्या मोहिमेतून हाती लागले ते ल्याओच्या पश्चिमेचे एक ठाणे. मुन्दॉकला जाऊ द्या म्हणणाऱ्या लिऊ शिलोंगचे डोके उडवण्यात आले. बाकीच्या सेनापतींनी सारा दोष यू झोंगवेनवर ढकलला; तो कैदेतच खंगला, आजार बळावल्यावर त्याला घरी सोडले आणि तो वारला. वय 68. यूवेन शूची पदे काढून घेतली, पण पुढच्याच वर्षी दुसऱ्या स्वारीसाठी ती त्याला परत मिळाली. त्या 613 च्या स्वारीत धान्याची रवानगी सांभाळणारा यांग श्वानगान यानेच मागे बंड पुकारले आणि सम्राटाला वेढा सोडून परतावे लागले. 614 ची तिसरी स्वारी गोगुर्योने तहाची बोलणी लावताच आटोपली. 618 मध्ये सम्राट यांग आपल्याच पहाऱ्याच्या सैनिकांच्या बंडात मारला गेला. त्या बंडाचा म्होरक्या यूवेन हुआजी हा यूवेन शूचा मुलगा.

‘सामगुक सागी’चा कर्ता किम बुशिक याने मुन्दॉकच्या चरित्राखाली लिहिले की, यापूर्वी कधी न जमलेली एवढी प्रचंड फौज आली असता एका कोपऱ्यातल्या लहान राज्याने स्वतःला राखले आणि शत्रूला जवळजवळ निःशेष केले, ते या एका माणसाच्या बळावर. सोल शहरातल्या एका मोठ्या रस्त्याला 1946 पासून त्याचे नाव आहे, आणि दक्षिण कोरियाच्या शौर्यपदकांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदकालाही. पण 613 आणि 614 च्या स्वाऱ्या वाचताना ल्याओतुंगचा तट पुन्हा वेढलेला दिसतो, राजा यॉंगयांग दिसतो, त्याचे वकील दिसतात. उल्जी मुन्दॉकचे नाव मात्र साल्सूनंतर एकदाही येत नाही.